बिनकाट्याचा मासा

मासा लोण्यात तळतात हे मला सत्तरीला टेकल्यावर कळलं. कळलं नसतं तरी माझं काही अडलं नसतं.

आमच्या घरात दूध आणि मासे यांचं जन्माचं वाकडं. माशाचं जेवण झालं की त्या दिवशी दूध नाही, खीर नाही, दह्याचा थेंब नाही. अंगावर कोड उठतं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. कुणाच्या अंगावर उठलेलं मी काही पाहिलं नाही. पण कढत लोण्यात मासा पडल्यावर जो वास सुटतो तो एकदा नाकात गेला की वाटतं, उठत असणार. नासलेल्या दुधात कुणीतरी खाडीचं पाणी ओतावं तसला वास. आणि तो मी माझ्या हाताने, माझ्या ओट्यावर, माझ्या तव्यावर काढला. नवऱ्यासाठी बाई काय काय करते ते ऐका.

नवऱ्याचं नाव दौलत. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, मग एकदम हॉस्पिटलच्या खिडकीवर सांगावं लागलं, आणि आता इथे. पुढे मी 'हे' असंच लिहिणार आहे. हाताला दुसरी सवय नाही.

हे मूळचे देवगडकडचे. लालबागच्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले, गिरणी गेल्यावर प्रभादेवीच्या छापखान्यात कागद कापले, मग घरी बसले. पण ही झाली पोटापाण्याची कामं. यांचं खरं काम मासे आणणं. रोज सकाळी अंघोळ करून, शर्टाची सगळी बटणं लावून, पिशवी घेऊन असे निघायचे की नव्या माणसाला वाटावं कोर्टात तारीख आहे. मला कधी पाठवलं नाही. "तुका काय कळता त्यातला," एवढं एकच कारण.

बाजारात गेले की माशाचे कल्ले उघडून बघणार, पोट दाबणार आणि मग नाक खाली नेऊन एक लांब श्वास घेणार. पसंत नाही पडलं तर म्हणायचे, "शी!" हळू म्हणायचे तर म्हणावं ना. नाही. चार पाट पलीकडे ऐकू गेलं पाहिजे. त्या एका शब्दापायी यांनी बाजारातल्या बायकांच्या किती शिव्या खाल्ल्यात त्याला गणती नाही. रमाबाई म्हणून एक कोळीण आहे, ती यांना लांबून बघूनच वरचा ढीग फडक्याखाली ढकलायची आणि खालचा ताजा माल काढायची. सकाळच्या पारी भांडण कुणाला हवंय?

बर्फातला मासा, शी. हॉटेलातलं पापलेट, शी. शेजाऱ्यांनी कौतुकाने आणून दिलेलं कालवण, त्यांची पाठ वळायच्या आत, शी. आमच्या मयूरच्या लग्नात सुटाबुटातला एक पोरगा ट्रेमधून माशाच्या तळलेल्या कांड्या फिरवत होता. यांनी एक तोंडात घातली, दोनदा चावली, कागदी रुमालात थुंकली आणि रुमाल त्याच ट्रेमध्ये परत ठेवला. व्याही समोर उभे. सूनबाई, म्हणजे आकांक्षा, ते अजून विसरलेली नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

कौतुक करत नाहीये मी. अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे दोन्ही वेळेला परीक्षेला बसणं, आणि पास झालात तरी कुणी सांगत नाही.

बरं, परीक्षेला बसणारी मी कोण? मी खटावची. वडील माळकरी. आमच्या घरात अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. लग्न होऊन लालबागच्या चाळीतल्या खोलीत आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी कर्लीचं कालवण केलं. कर्ली ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते: वरून मासा, आतून सुयांचा पुडा. जन्मापासून मासे खाणारी माणसंही तिच्यापुढे जपून बसतात. ते ताट माझ्यासमोर आलं आणि मला पोटातून उमासा आला. पदर तोंडावर घेऊन मी तशीच बसून राहिले.

सासूबाई यांना म्हणाल्या, "ह्या घाटीणीक मासो खावक येणा नाय. झिला, खयसून आणलंस हिका?"

हे जेवून उठायच्या बेतात होते. उठले नाहीत. माझं ताट स्वतःकडे ओढलं आणि बोटांनी तुकडी उकलायला बसले. एकेक काटा चिमटीत धरून बाहेर. माणसांनी भरलेली खोली, बायकोच्या ताटात नवऱ्याचा हात, सासूबाईंचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालेलं. स्वच्छ केलेला मासा यांनी ताटाच्या कडेला ठेवला आणि त्यातलाच एक तुकडा आधी स्वतःच्या तोंडात घातला.

आता कुठलाही माणूस म्हणाला असता, खाऊन बघ, छान लागतं. घरातल्या इतर सगळ्यांनी ते म्हणून झालंच होतं. कुणी चव सांगत होतं, कुणी ताकद येते म्हणत होतं, आणि ते जितकं गोड बोलत तितकं माझं पोट ढवळत होतं. हे म्हणाले, "वास येता. माका पण येता. किळस येता तर येंवदे. एक घास खाऊन बघ."

मी खाल्ला. गिळला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी दुसरा. उलट्याही झाल्या, खोटं कशाला सांगू. पण मला मासे आवडलेच पाहिजेत असं या एका माणसाने कधी म्हटलं नाही, म्हणून असेल, शेवटी आवडायला लागले. आता मी बांगड्याचं डोकं असं चोखते की मांजराला माझ्या ताटात काही मिळत नाही.

प्रेमाबिमाचं बोलणं आमच्यात नव्हतं. माझ्या ताटाच्या कडेला काटे काढलेली एक तुकडी असायची. मला काटे काढता यायला लागले तरी पुष्कळ वर्षं असायची.

गेल्या वर्षी गणपती झाले आणि यांना लकव्याचा झटका आला. सकाळी शर्टाची बटणं लावत होते, तिसऱ्या बटणावर हात अडकला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, एखादा शब्द राहतो कधीकधी, बाकीचे हळूहळू येतील. यांचा कुठला राहिला असेल? शी. देवाला निवडायला दुसरा मिळाला नाही. नर्स आली, शी. मयूर रडत रडत पायाला लागला, शी. मी डोक्यावरून हात फिरवला, शी.

हॉस्पिटलातल्या किळसवाण्या गोष्टी सांगायला बसले तर तुम्हाला जेवण जाणार नाही. एकच सांगते. यांना गिळता येत नव्हतं म्हणून नाकातून पोटात नळी घातली होती आणि तिच्यातून एक राखाडी पातळ काहीतरी ओतायचे. कडेने ते सुकून नाकाखाली पापुद्रे धरायचं. ज्या नाकाला बाजार भ्यायचा त्या नाकात ती नळी. यांनी डाव्या हाताने ती दोनदा उपसून काढली, तेव्हा तो हात पट्टीने पलंगाला बांधला. बांधलेला हात बघून मी यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "घरी गेल्यावर पुन्हा नळी नाही. माझ्यावर सोडा." म्हणून तर मोकळी झाले, पण ते पाळायचं कसं, हे मला कुठे ठाऊक होतं!

घरी आलो तेव्हा जोॲना नावाची गिरगावातली एक मुलगी यायला लागली. गिळायला शिकवते. असंही शिक्षण असतं. "आजोबा, हनुवटी खाली घ्या, आता गिळा," असं ती सांगायची आणि हे तिच्याकडे बर्फातल्या माशाकडे बघावं तसं बघायचे. पण मुलगी चिवट. पातळ काही द्यायचं नाही, ठसका लागून फुप्फुसात जातं, असं तिने बजावलं होतं. म्हणून चहात एक पावडर घालून तो खळीसारखा घट्ट करायचा. वरणभात मिक्सरमधून काढायचा. मी चव बघायला एकदा चाटला तो चहा. शत्रूला देऊ नये.

हे खाईनात. तोंड मिटलं की मिटलं. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायला लागलं. डॉक्टरांनी वजन बघितलं आणि सरळ म्हणाले, पुढच्या सोमवारी आणा, आणखी उतरलं असेल तर पोटाला छोटं भोक पाडून तिथून नळी घालू. 'छोटं' म्हणताना त्यांनी बोटांनी दाखवलंसुद्धा.

मी म्हटलं, या माणसाला मासा हवा. जोॲनाने मऊ जेवणाला होकार दिला होता, पण काटा अजिबात नको म्हणाली होती. मी सुरमई आणली, वाफवली, जीव ओतून काटे काढले. आणि तरी एक राहिला. असा ठसका लागला की यांचे ओठ काळेनिळे पडले. मयूर आलेला होता, त्याने पाठीत थोपटलं, तो काटा बाहेर आला, केवढासा, दाढीच्या केसाएवढा. यांनी हयातभर माझ्या ताटातून एकही काटा माझ्या घशापर्यंत जाऊ दिला नव्हता. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि ओरडून रडले.

मयूर प्रभादेवीला राहतो. त्या दिवशी त्याने हुकूम काढला: "आई, आपले मासे बंद. मी सॅल्मन पाठवतो. बोनलेस. हेल्दी फॅट असतं, वजन वाढेल, दहा मिनिटांत होतो. आकांक्षा तुला व्हिडिओ दाखवेल."

तो सॅल्मन आला. प्लॅस्टिकमध्ये असा आवळून बसवलेला की श्वास कोंडून मेला असावा. रंग गाजराच्या हलव्याचा आणि मधून पांढऱ्या रेघा. माशाला असा रंग असतो? डोकं नाही, शेपूट नाही, कल्ला नाही. ताजा की शिळा, कशाला विचारायचं? पिशवी कापली तर समुद्राचा वास नाही. मयूर लहान असताना त्याला माशाच्या तेलाच्या गोळ्या द्यायचे, त्या डबीत फुटल्या की यायचा तो वास. बोट लावलं तर बोटाला तूप लागल्यासारखं. एका अंगाला खवलांची करडी कातडी तशीच ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी बाजारात रमाबाईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, त्यो मासा न्हाय, त्ये औषध हाय. औषध म्हनून द्या."

मी पहिल्यांदा आपल्या पद्धतीने केला. खसाखसा धुतला, मीठ-हळद चोळली, कोकमाचं आगळ लावून ठेवला, तांदळाचं पीठ आणि रवा लावून मंद आचेवर खरपूस तळला. सुरमईला देते तितका वेळ दिला. तर त्याच्या अंगातून रव्याच्या भेगांमधून पांढरं पांढरं काहीतरी बाहेर यायला लागलं. गळू फुटावं तसं. मी पुसलं, पुन्हा आलं. आतून मासा भुश्शासारखा कोरडा. यांना एक घास दिला तो रवा टाळूला चिकटला आणि ठसका. जोॲना तेवढ्यात आलीच.

"आजी, कोरडं नको, कुरकुरीत नको," ती म्हणाली. "तो जास्त शिजला की ते पांढरं येतं. झटपट करा, आतून ओलसर ठेवा. आणि बटर घाला ना, वजन वाढायला हवंय."

"माशात लोणी?" मी म्हटलं.

"आमच्याकडे पण नाही घालत," ती म्हणाली. "पण तुम्ही घाला."

मग आकांक्षाने मोबाइल ओट्यावर टेकवून व्हिडिओ लावला. दाढीवाला एक तरुण, हसरा, हात मात्र केसाळ. मासा धुवायचाच नाही, म्हणे. कागदाने टिपायचा. न धुतलेला मासा! तवा चांगला तापवायचा, तेलाचे चार थेंब, मीठ आणि मिरी, आणि कातडी खाली करून ठेवायचा. उलथन्याने जरा दाबून धरायचा, मग हात लावायचा नाही. कडेने रंग खालून वर फिका होत चढतो, तो मध्याच्या वर गेला की उलटायचा. मग लोणी, ठेचलेला लसूण, तवा कलता करून ते फेसाळलेलं लोणी चमच्याने माशावर पुन्हा पुन्हा ओतायचं. लिंबू पिळायचं आणि उतरवायचा. मधे तो अजून गुलाबीच, मध्यभागी तर काचेसारखा. मी म्हटलं, कच्चा आहे. व्हिडिओतला म्हणाला, परफेक्ट.

लोण्याचा तो वास मी सुरुवातीलाच सांगितला, पुन्हा सांगत नाही. पडद्याला धरला होता. माझ्या केसांना धरला होता.

औषध म्हणून द्यायचं तर औषधासारखं दिलं. कातडी काढली, मासा चमच्याने मोडला, यांच्यासमोर बसले आणि हॉस्पिटलातल्या नर्सच्या आवाजात सुरू झाले. "हं, आ करा बघू. मस्त झालंय हं. मऊ मऊ आहे. छान आहे, छान." एकीकडे श्वास धरलेला, वास नाकात जाऊ नये म्हणून. हे माझ्या तोंडाकडे बघायचे, ताटलीकडे बघायचे, पुन्हा माझ्या तोंडाकडे. आणि दात घट्ट. फार चमचा पुढे केला तर म्हणायचे, "शी."

तो मासा मग कचऱ्यात. मी स्वयंपाकघरात जाऊन, दार लोटून, खिडकी उघडून माझं बांगड्याचं तिखलं खायचे. यांना वास जाऊन त्रास नको म्हणून दार लोटायचे, असं मी मनाशी म्हणत होते.

असं करत तो रविवार आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर. मयूर आणि आकांक्षा सकाळीच आले होते. दुपारी मी सॅल्मन करून आणला आणि मयूर म्हणाला, आज मी भरवतो. तो जवळ बसला आणि चमचा हवेत गोल फिरवत म्हणाला, "बाबा, विमान आलं, विमान!"

चांगला टक्कल पडलेला मुलगा आणि गिरणीत साचे चालवलेला बाप. मला स्वतःच्या पोराची किळस आली, लिहिते आहे ते खरं लिहिते. विमान तोंडाशी आलं. यांनी तोंड उघडलं, घास आत घेतला, आणि सगळा मयूरच्या पांढऱ्या शर्टावर थुंकला. "शी!"

मयूर उठला. शर्ट पुसत राहिला. रागावला नव्हता, थकला होता. "आई," तो म्हणाला, "उद्या डॉक्टरांना हो म्हणून टाकू. नळीच बरी. असे उपाशी मारण्यापेक्षा." आकांक्षा त्याला घेऊन खाली गेली, जरा हवा खायला.

घरात आम्ही दोघं. पिशवीत एक तुकडा राहिला होता. मी तो केला. कागदाने टिपला, तवा तापवला, कातडी खाली, हात लावला नाही, उलटला, लोणी, लसूण, लिंबू. अगदी त्या दाढीवाल्याच्या आज्ञेत. ताटलीत काढला, यांच्यासमोर टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. चमचा उचलला, पण 'आ करा' म्हणायला तोंड उघडेना.

यांनी डावा हात पुढे केला आणि ताटली माझ्याकडे सरकवली. भिरकावली नाही. सरकवली. मी परत त्यांच्याकडे सरकवली. यांनी पुन्हा माझ्याकडे, आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले. तसेच, त्याच नजरेने, इतके दिवस बघत होते तसे.

आणि मला लख्ख कळलं. हा मासा इतक्या दिवसांत मी एकदाही तोंडाला लावला नव्हता. चाखलासुद्धा नव्हता. नाक बंद करून, तोंड वाकडं करून, छान छान म्हणत मी तो अशा माणसाला भरवत होते, ज्याने मला माझा पहिला मासा आधी स्वतः खाऊन दाखवला होता आणि छान आहे असं चुकूनही म्हटलं नव्हतं.

मी एक मोठा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

मेणबत्तीला लसूण लावून खाल्ल्यासारखं लागलं. मधला कच्चा भाग जिभेवर लिबलिबला. लोणी टाळूवर पसरलं आणि तिथेच बसलं. खटावहून आलेल्या त्या मुलीसारखा मला पोटातून उमासा आला. मी पदर तोंडाला लावला, डोळे मिटून गिळलं, आणि जे तोंडातून निघालं ते मोठ्यानेच निघालं.

"शी! काय घाण आहे हो हे!"

यांच्या घशातून एक आवाज आला. मी घाबरले, वाटलं ठसका. बघते तर हसत होते. तोंडाची एकच बाजू वर जात होती, पण खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

मग मी बोलले. लग्नापासून मी या घरात मालवणीचा एक शब्द काढला नव्हता. एकदा काढला तेव्हा सासूबाई हसल्या होत्या, मग पुन्हा जीभ वळवली नाही. त्या दिवशी वळली. "वास येता," मी म्हटलं. "माका पण येता. किळस येता तर येंवदे. एक घास खाऊन बघा."

यांनी तोंड उघडलं.

मी छोटा घास ठेवला. यांनी हनुवटी खाली घेतली, कुणी न सांगता. गिळला. माझ्याकडे बघून म्हणाले, "शी."

"हो ना," मी म्हटलं. "घाणच आहे. घ्या अजून."

दुसरा घास. "शी." तिसरा. "शी." प्रत्येकाला मी हो म्हणत होते आणि मधे मधे मीही खात होते, कारण मी थांबले की हे थांबायचे. अर्धी ताटली संपली तेव्हा दार उघडून मयूर आणि आकांक्षा आत आले. मयूर जागच्या जागी उभा राहिला. "अरे वा, बाबा! छा..."

"छान म्हणू नकोस," मी म्हटलं. "त्यांना कळतं."

सोमवारी वजन वाढलेलं नव्हतं, पण उतरलेलंही नव्हतं. डॉक्टरांनी नळी पुढे ढकलली आणि त्यानंतर तो विषय हळूहळू मागे पडला. सॅल्मन अजून चालू आहे. मी तो अजून नाक मुरडूनच करते आणि आम्ही दोघं एका टेबलावर बसून त्याला नावं ठेवत खातो. माझ्या बांगड्याचं दार आता उघडं असतं.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. ताटलीत शेवटचा तुकडा उरला होता. मी चमचा पुढे नेला तर यांनी तो बाजूला केला आणि डावा हात ताटलीत घातला. त्या हाताला सवय नव्हती. बोटं लोण्यात घसरत होती. तरी यांनी तो गुलाबी तुकडा उकलला. एकेक पापुद्रा वेगळा केला, प्रत्येक चिमटीत धरून दाबून बघितला, पुन्हा बघितला. मयूर म्हणाला, "बाबा, बोनलेस आहे तो," आणि आकांक्षाने त्याच्या हातावर हात ठेवला. काटा नव्हताच त्यात. यांनी सगळा तुकडा तपासला, मग तो गोळा करून ताटलीच्या कडेला ठेवला, माझ्या बाजूला.

मी खाल्ला. घाणच होता.